कमरेच्या मणक्याच्या ऑपरेशननंतर एमआरआयमध्ये पाणी साठलेले दिसते आहे. ते सुईने काढून घ्यावे का?

प्रश्न : द्राक्षबागायतदार, तासगाव

नमस्कार. माझ्या वडिलांच्या कमरेच्या मणक्याचे ऑपरेशन गेल्या महिन्यात मिरजेतील एका रुग्णालयात झाले. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकून उजव्या पायाची नस दबली होती. द्राक्षाचा माल उतरेपर्यंत त्यांनी गोळ्या आणि कमरेचा पट्टा यांवर वेळ काढला. परंतु पुढे पायाचा अंगठा वर उचलेनासा झाला, तेव्हा आता थांबणे योग्य नाही असे सर्जनांनी स्पष्ट सांगितले. लहानसा छेद घेऊन, त्यातून नळी घालून, गादीचा फक्त सरकलेला भाग काढण्याचे हे ऑपरेशन होते. दुसऱ्या दिवशी त्यांना चालवले आणि लगेच घरीही सोडले. पायातून जाणारी कळ जवळजवळ त्याच दिवशी थांबली. अंगठ्यात ताकद थोडी थोडी येत आहे, पावलाच्या वरच्या बाजूचा बधिरपणा मात्र अजून आहे.

टाके काढल्यानंतर जखमेच्या खाली लिंबाएवढा मऊ फुगवटा दिसू लागला. त्यावरची कातडी लाल नाही, हाताला गरम लागत नाही, जखमेतून काही वाहत नाही आणि ताप नाही. कमरेत जडपणा आहे आणि अंथरुणातून उठताना दुखते. काळजी वाटल्यामुळे आम्ही सांगलीत एमआरआय करून घेतला. त्याच्या अहवालात असे लिहिले आहे की, ऑपरेशनच्या जागी स्नायूंमध्ये आणि मज्जातंतूंच्या आवरणामागे द्रवाचा साठा दिसतो; तो सेरोमा, हिमॅटोमा, सूडोमेनिंगोसील किंवा जंतुसंसर्ग यांपैकी काय आहे हे रुग्णाच्या लक्षणांशी पडताळून पाहावे. हे चार शब्द वाचून घरातील सर्वांची झोप उडाली आहे.

सर्जन सध्या परगावी आहेत आणि त्यांची भेट पुढच्या आठवड्यात मिळणार आहे. गावातील डॉक्टर सुई घालून पाणी काढून देण्यास तयार आहेत आणि तोवर अँटिबायोटिक सुरू करू असेही म्हणाले. वडिलांना मधुमेह आहे, त्याच्या गोळ्या चालू आहेत. एप्रिलमध्ये द्राक्षवेलींची खरड छाटणी (माल उतरल्यानंतरची छाटणी) आहे आणि ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून फवारणी करण्याचे काम आमच्याकडे तेच करतात, त्यामुळे त्यांचा जीव आत्तापासूनच बागेत अडकला आहे. हे पाणी नेमके कशाचे असते, ते काढावे का, आणि किती दिवस वाट पाहणे सुरक्षित आहे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : क्षकिरण विभाग, मिरज

मी एमआरआयचे अहवाल लिहिण्याचे काम करतो. त्यामुळे हे वाक्य अशा शब्दांत का लिहिले जाते, ते मी सांगू शकतो. उपचारांचा निर्णय मात्र ज्यांनी ऑपरेशन केले त्यांनीच घ्यावा.

गादीपर्यंत पोहोचण्यासाठी सर्जनांना पाठीच्या स्नायूंतून वाट काढावी लागते, मणक्याच्या मागच्या कमानीचा थोडा भाग कोरावा लागतो आणि तिच्याखालचा पिवळसर अस्थिबंध काढावा लागतो. हे सगळे झाल्यावर आत जी मोकळी जागा उरते, ती शरीर तशीच रिकामी ठेवत नाही. जखमेतून पाझरणारी लस आणि थोडे रक्त तिथे साठते, हळूहळू जिरते आणि त्याची जागा नवे मांस घेते. म्हणूनच ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, अगदी व्यवस्थित बरे होत असलेल्या रुग्णाचा एमआरआय काढला, तरी त्या जागी थोडेफार पाणी दिसतेच. इतकेच काय, ज्या गादीचा तुकडा काढून टाकला आहे, तिथेही सुरुवातीच्या दिवसांत सुजेमुळे जुन्यासारखाच उंचवटा दिसू शकतो आणि ‘गादी तशीच राहिली’ असा गैरसमज होतो.

आता ते चार शब्द. सेरोमा म्हणजे जखमेतून पाझरलेली स्वच्छ, पिवळसर लस. हिमॅटोमा म्हणजे साठलेले रक्त. सूडोमेनिंगोसील म्हणजे मज्जातंतूंभोवतीच्या आवरणाला बारीक छिद्र पडून मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचे पाणी, ज्याला डॉक्टर सीएसएफ म्हणतात, बाहेर येऊन झालेला साठा. चौथा प्रकार पुवाचा. अडचण अशी की, टी-२ प्रकारच्या प्रतिमांत लस, सीएसएफ आणि पू हे तिन्ही पांढरेच दिसतात. काही दिवसांचे झालेले रक्त टी-१ प्रतिमांत उजळ दिसते, त्यामुळे ते बऱ्याचदा वेगळे ओळखता येते. कॉन्ट्रास्टचे, म्हणजे प्रतिमेत फरक ठळक दिसावा म्हणून शिरेतून देतात ते, इंजेक्शन दिले तर पुवाच्या साठ्याभोवती उजळ कडा दिसते. परंतु जखम भरताना तयार होणाऱ्या निरोगी मांसाचीही तशीच कडा दिसते. एवढ्यावरून आम्ही ठामपणे एकच नाव लिहिले तर ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. ‘लक्षणांशी पडताळून पाहावे’ या शब्दांचा अर्थ एवढाच आहे की, रुग्णाला हात लावून तपासणारा माणूस याबाबतीत आमच्यापेक्षा अधिक सांगू शकतो.

रुग्णालयाकडून आपण ऑपरेशनची सविस्तर नोंद अवश्य मागून घ्या; डिस्चार्ज कार्डावरचा सारांश पुरेसा नसतो. त्या नोंदीत तीन गोष्टी पाहाव्यात. ऑपरेशनच्या वेळी आवरणाला इजा झाली होती का, रक्तस्राव थांबवण्यासाठी विरघळणारा स्पंज किंवा तत्सम पदार्थ आत ठेवला होता का, आणि निचऱ्याची नळी ठेवली होती का. स्पंजाचा तुकडा विरघळण्याआधी प्रतिमेत हवेच्या बुडबुड्यांसह दिसतो आणि अगदी पुवाच्या गाठीसारखा भासतो. ही माहिती अहवाल लिहिणाऱ्याला मिळाली तर त्याच्या यादीतील एखादे नाव तिथल्या तिथे गळून पडते. १८९४ साली मिशन रुग्णालय सुरू झाल्यापासून मिरजेला उपचारांसाठी दूरदूरचे लोक येतात. त्यामुळे ऑपरेशन मिरजेत, एमआरआय सांगलीत आणि मलमपट्टी गावात, असे आपल्याकडे नेहमी घडते आणि कागद मात्र एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत.

या पद्धतीबद्दलही थोडे सांगतो. सूक्ष्मदर्शकाखाली गादीचे ऑपरेशन करण्याची रीत १९७७ च्या सुमारास रूढ होऊ लागली आणि नळीतून दुर्बिणीने करण्याची पद्धत १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. या नळीचा व्यास साधारण १८ ते २२ मिलिमीटर असतो. स्नायू हाडापासून खरवडून काढण्याऐवजी त्याचे धागे बाजूला सारून नळी आत जाते आणि ती काढली की धागे पुन्हा एकमेकांजवळ येतात. त्यामुळे आत उरणारी पोकळी लहान असते आणि मोठा साठा होण्याची शक्यता उघड्या ऑपरेशनपेक्षा कमी असते. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. जागा अरुंद असल्यामुळे आत रक्त साठू लागले तर थोडे रक्तही नसांवर दाब आणू शकते. सतत पाणी सोडून केल्या जाणाऱ्या एंडोस्कोपीच्या ऑपरेशनात तर पाण्याच्या दाबाने बारीक रक्तवाहिन्या तेवढ्यापुरत्या मिटलेल्या राहतात आणि पाणी बंद झाल्यावर त्यांतून रक्त येऊ शकते. नसांवर दाब आणणारा असा रक्ताचा साठा क्वचितच होतो आणि तो बहुधा पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत लक्षात येतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत तो काळ मागे पडला आहे.

सुईबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ताप नाही, लाली नाही, पायाची ताकद वाढते आहे, अशा स्थितीत गावातील दवाखान्यात सुई घालू देऊ नका. साठा निर्जंतुक असेल तर तो आपोआप जिरण्याची शक्यता मोठी आहे आणि सुईवाटे बाहेरचे जंतू आत गेले तर नसलेला संसर्ग आपणच तयार केल्यासारखे होईल. साठा सीएसएफचा असेल तर सुईचे भोक म्हणजे त्या पाण्याला बाहेर येण्यासाठी नवी वाट. तपासणीसाठी पाणी काढणे कधीकधी आवश्यक असते, पण ते सर्जनांच्या सांगण्यावरून, सोनोग्राफी किंवा सीटीच्या मार्गदर्शनाखाली, पूर्ण निर्जंतुक पद्धतीने केले जाते आणि काढलेला नमुना प्रयोगशाळेत जातो.

उत्तर : कऱ्हाडचा एक रुग्ण

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात फक्त एका प्रश्नाची भर घालतो, जो वडिलांना आजच विचारावा. उठून बसल्यावर किंवा उभे राहिल्यावर डोके दुखू लागते आणि आडवे झाले की थांबते, असे होते का?

माझे कमरेचे ऑपरेशन त्याच जागी दुसऱ्यांदा करावे लागले होते. पहिल्या ऑपरेशनचा व्रण आवरणाला चिकटलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या वेळी आवरण फाटण्याची शक्यता अधिक असते, हे सर्जनांनी आधीच सांगून ठेवले होते. घरी आल्यावर मला सकाळी अंथरुणात अगदी छान वाटायचे आणि चहासाठी स्वयंपाकघरात जाऊन बसलो की काही मिनिटांत डोक्याच्या मागून मानेपर्यंत ठणके बसू लागायचे. उजेड नकोसा व्हायचा, मळमळ व्हायची. घरचे अशक्तपणा म्हणत होते. कमरेचा फुगवटाही सकाळी सपाट आणि संध्याकाळी टणक असायचा. खोकला आला की तो बोटांखाली भरल्यासारखा लागायचा. मग एके दिवशी बनियनवर मागे ओला डाग दिसला. त्याला रंग नव्हता, वास नव्हता आणि बोटाला चिकटपणाही लागत नव्हता. पत्नीने तो बनियन तसाच पिशवीत घालून रुग्णालयात नेला आणि सर्जनांनी तो पाहूनच मला दाखल करून घेतले.

तेव्हा समजलेली एक गोष्ट सुईच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे, म्हणून सांगतो. मोठ्या माणसाच्या शरीरात कोणत्याही वेळी सुमारे १५० मिलिलिटर सीएसएफ असते, पण शरीर दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर नवे तयार करते. म्हणजे छिद्र उघडे असताना बाहेरचे पाणी कितीही वेळा उपसले, तरी ती जागा पुन्हा भरणारच. तिथे छिद्र बंद होणे महत्त्वाचे असते. लहान छिद्र काही दिवस सपाट झोपून राहिल्याने आणि जखमेला वरून एखादा जादा टाका घातल्याने बंद होऊ शकते. काही वेळा कमरेतून बारीक नळी घालून ते पाणी थोडे दिवस दुसरीकडे वळवतात. माझ्या बाबतीत जखम पुन्हा उघडून आवरण शिवावे लागले. त्यानंतर डोकेदुखी थांबली आणि आज मी दिवसभर दुकानात बसतो.

गळणारे पाणी सीएसएफच आहे का, अशी शंका उरल्यास बीटा-२ ट्रान्सफेरिन नावाची तपासणी असते. ती सर्वत्र होत नाही आणि अहवाल येण्यास वेळ लागतो. आवरणाला लागून पडलेला प्रत्येक साठा शिवावा लागतो असेही समजू नये. डोकेदुखी नसलेले, कातडीखाली शांत राहिलेले लहान साठे सर्जन नुसते लक्ष ठेवून सोडून देतात. मात्र जखमेतून पारदर्शक पाणी बाहेर येत असेल, तर ती वाट जंतूंना थेट मज्जातंतूंपर्यंत नेणारी असते. त्यासोबत ताप आला किंवा मान आखडली तर एक रात्रही घरी काढू नका.

उत्तर : परिचारिका, सातारा

वडिलांना मधुमेह आहे हे वाचून लिहीत आहे. जखमांच्या वॉर्डात बरीच वर्षे काम केल्यामुळे याविषयी मला फार पोटतिडकीने सांगावेसे वाटते.

मणक्याच्या ऑपरेशननंतरचा संसर्ग नेहमी लाल जखम आणि तापाच्या रूपाने येतो, असे गृहीत धरू नये. जखम वरून सुंदर भरलेली असते, ताप नसतो किंवा कणकण असते, आणि तरीही आत गादीच्या जागी जंतू वाढत असतात. याची विशिष्ट खूण म्हणजे मध्ये आलेले चांगले दिवस. ऑपरेशननंतर माणूस आठवडा-दोन आठवडे बरा असतो आणि मग कमरेत अशी कळ सुरू होते की कुशीवर वळणेही अवघड होते आणि रात्री विश्रांतीतही ती थांबत नाही. उठताना थोडे दुखणे आणि ही कळ यांत खूप फरक असतो. वडिलांचे दुखणे यांपैकी कोणते आहे, हे त्यांनाच नीट विचारावे.

रक्ताच्या दोन तपासण्या आपल्या गावातही होऊ शकतात, सीआरपी आणि ईएसआर. शरीरात सूज किंवा संसर्ग असला की या दोन्हींचे आकडे वाढतात. ऑपरेशननंतर सीआरपी सर्वांचाच वाढतो; दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो सर्वांत जास्त असतो आणि साधारण दोन आठवड्यांत खाली येतो. ईएसआर मात्र अनेक आठवडे वाढलेला राहू शकतो, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या आकड्यावरून काही ठरवू नये. वडिलांचा महिना उलटून गेला आहे, तेव्हा सीआरपी आता उतरलेला असायला हवा. तो वाढलेला आला तर काही दिवसांनी पुन्हा करून आकडा कोणत्या दिशेला चालला आहे ते पाहतात. सोबत एचबीए१सी ही साखरेची तपासणी करून घ्या. रोजची साखर एखाद्या दिवशी ठीक येते, पण गेल्या दोन-तीन महिन्यांचा खरा हिशेब त्यात कळतो आणि साखर चढी असेल तर जखम भरण्याचा वेग आणि जंतूंशी लढण्याची ताकद दोन्ही कमी होतात.

अँटिबायोटिक ‘तोवर सुरू करून ठेवू’ या सल्ल्याला माझा विरोध आहे. संसर्ग असेल तर कोणता जंतू आहे हे रक्ताच्या किंवा आतल्या नमुन्याच्या कल्चरवरून, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून, शोधावे लागते. बहुतेक वेळा तो स्टॅफिलोकोकस ऑरियस असतो, पण नेहमीच नाही. चार दिवस गोळ्या घेतल्या की जंतू कल्चरमध्ये वाढत नाहीत, संसर्ग मात्र आत तसाच राहतो आणि पुढे अनेक आठवडे अंदाजाने औषधे द्यावी लागतात. रुग्ण गंभीर असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हा रुग्णालयात कल्चर घेऊन लगेच औषध सुरू करतात.

घरच्या उपायांबद्दलही लिहिते, कारण आपल्या भागात कोणीतरी ते सुचवतेच. फुगवट्यावर शेक देऊ नका. तेल लावून चोळू नका आणि हाडवैद्याकडे कंबर बसवून घ्यायला तर मुळीच नेऊ नका. आपल्या सांगलीची हळद कितीही उत्तम असली, तरी घरी कालवलेला तिचा लेप निर्जंतुक नसतो, म्हणून तो ताज्या टाक्यांवर लावू नये. वडील तंबाखू मळत असतील तर ती काही महिने पूर्ण बंद करावी. विडी-सिगारेट ओढत नाही म्हणून लोक सर्जनांना ‘व्यसन नाही’ असे सांगतात आणि बायकांना तर कोणी मशेरीबद्दल विचारतही नाही. परंतु निकोटीन कोणत्याही वाटेने रक्तात गेले तरी बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी मिळते.

पुढील लक्षणे दिसली तर पुढच्या आठवड्यातील भेटीची वाट पाहायची नाही, ज्या रुग्णालयात मणक्याचे सर्जन आणि एमआरआय दोन्ही आहेत तिथे रात्री-अपरात्री थेट जायचे : लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, जांघेत किंवा गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे, पायाची ताकद नव्याने कमी होणे. कमरेच्या खालच्या भागातील नसांच्या जुडग्यावर दाब आल्याची ती चिन्हे असतात आणि तिथे काही तासांचा उशीरही कायमचे नुकसान करू शकतो. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर सर्जनांना आवर्जून सांगा आणि ती स्वतःच्या मनाने बंदही करू नका.

उत्तर : कोरेगावची लेक

माझ्या आईच्या अहवालातही असेच वाक्य होते. तिला डोकेदुखी नव्हती आणि सीआरपी ठीक होता. सर्जनांनी काहीही न करता थांबायला सांगितले आणि फुगवटा दोनेक महिन्यांत पूर्ण जिरला. पेनाने त्याच्या कडेने खूण करून ठेवण्याची सूचना मात्र त्यांनी केली होती. रोज हात लावून ‘वाढला की काय’ असे वाटत राहते, त्यापेक्षा खुणेकडे पाहिले की खरे काय ते कळते आणि जीव शांत राहतो.

मूळ प्रश्नकर्ता : द्राक्षबागायतदार, तासगाव

सर्वांचे मनापासून आभार. सुई आणि अँटिबायोटिक दोन्ही टाळले. वडिलांना उभे राहिल्यावर डोकेदुखी होत नाही, रात्री शांत झोप लागते. सीआरपी करून घेतला, तो सामान्य मर्यादेत आला. एचबीए१सी मात्र आमच्या अपेक्षेपेक्षा बराच जास्त निघाला, त्यामुळे मधुमेहाच्या डॉक्टरांनी औषध बदलून दिले आहे.

काल सर्जनांची भेट झाली. ऑपरेशनच्या नोंदीत आवरणाला इजा झाल्याचा उल्लेख नाही आणि विरघळणारा स्पंज ठेवल्याची नोंद आहे. त्यांनी वडिलांना उभे करून, खोकायला लावून आणि मग पालथे झोपवून फुगवटा तपासला; तो कशानेही बदलला नाही. साठा लसीचा दिसतो, काही करू नये, काही आठवड्यांनी पुन्हा दाखवावे आणि मध्ये त्रास वाढला तरच एमआरआय पुन्हा करावा, असे त्यांचे म्हणणे आहे. मिरजेच्या सरांनी सांगितलेली नोंद हातात असल्यामुळे आम्हाला नेमके प्रश्न विचारता आले, याचा फार उपयोग झाला.

आता उरलेला प्रश्न बागेचा. सर्जनांनी ‘वाकू नका, उचलू नका’ एवढेच सांगितले. ट्रॅक्टर आणि छाटणीबद्दल कोणी अनुभवाने सांगू शकेल का?

उत्तर : फिजिओथेरपिस्ट, सांगली

आपल्या जिल्ह्यातील मणक्याचे निम्मे प्रश्न द्राक्षबाग, ऊस आणि ट्रॅक्टर यांच्याशी येऊन थांबतात, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

प्रथम बरे होण्याचा क्रम समजून घ्या, म्हणजे मधल्या काळात निराशा येणार नाही. पायातली कळ सर्वांत आधी जाते, कारण नसेवरचा दाब सुटलेला असतो. ताकद त्यानंतर येते आणि तिला अनेक आठवडे, कधी महिने लागतात. बधिरपणा सर्वांत शेवटी कमी होतो आणि काहींना त्याचा थोडा अंश कायम राहतो. तेव्हा पाऊल बधिर आहे म्हणून ऑपरेशन फसले असे समजू नये.

चालणे हे आत्ताचे मुख्य औषध आहे. एकदम लांब फेरीऐवजी दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे, सपाट जागेवर चालावे. बागेत जायला हरकत नाही, पण सरीतून, ठिबकच्या नळ्या ओलांडत चालू नये. अंगठा पुरेसा उचलला जात नसताना तिथे अडखळून पडण्याचा धोका मोठा आहे. अंगठा आणि पाऊल वर ओढण्याचा व्यायाम खुर्चीवर बसून दिवसातून तीन-चार वेळा करावा. पोटाचे आणि पाठीचे व्यायाम सर्जनांच्या परवानगीनंतर, समोर करून दाखवल्यावरच सुरू करावेत. सलग बसणे अर्ध्या तासाच्या आत ठेवावे. खाली मांडी घालून जेवायला बसण्याऐवजी काही आठवडे खुर्ची-टेबल वापरावे आणि शौचासाठी कमोडची खुर्ची ठेवावी. बद्धकोष्ठता होऊ देऊ नये, कारण कुंथताना गादीवर बराच दाब येतो.

बंधने किती दिवस पाळावीत याबाबत सर्जनांमध्ये एकमत नाही. पहिल्यांदाच झालेल्या, गुंतागुंत नसलेल्या गादीच्या ऑपरेशननंतर काही सर्जन रुग्णाला लवकर मोकळीक देतात आणि त्यांचे रुग्ण चांगले राहतात. काही सहा आठवडे ते तीन महिने सांभाळायला लावतात. कार्यालयात बसणारा माणूस दोन ते चार आठवड्यांत कामावर जाऊ शकतो, हे आपण ऐकले असेल, पण शेतीला तो हिशेब लावू नये. शंभरातील साधारण पाच ते पंधरा रुग्णांची गादी त्याच जागी पुन्हा सरकते. बादली उचलताना कमरेतून वाकणे आणि त्याच वेळी वळणे, ही हालचाल मला सर्वांत धोक्याची वाटते. छाटणीत माणूस मांडवाखाली मान आणि कंबर वाकडी करून तासन् तास उभा असतो आणि हातातल्या कात्रीपेक्षा ते उभे राहणेच अंगावर येते. या खरड छाटणीत वडिलांनी कात्री हातात घेऊ नये. मजुरांना किती डोळ्यांवर (काडीवरच्या कोंबांवर) काडी ठेवायची हे दाखवणे, खुर्चीवर बसून हिशेब पाहणे, एवढे ते आनंदाने करू शकतील आणि त्यांचा जीवही बागेत राहील.

ट्रॅक्टरचा विचार दोन अंगांनी करावा लागतो. एक म्हणजे हादरे. पुढे वाकून बसलेल्या माणसाच्या कमरेच्या गादीवर आधीच उभ्यापेक्षा अधिक भार असतो, त्यात शेतातल्या खड्ड्यांचे झटके सरळ आसनातून मणक्यात जातात, आणि फवारणी करताना मागचा ब्लोअर पाहण्यासाठी चालक सतत कमरेतून वळून बघतो. दुसरे अंग लोकांच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे उजवा पाय. ब्रेक उजव्या पायाने लागतो. ज्या नसेने अंगठा आणि पाऊल वर उचलले जाते, तिचीच ताकद कमी असेल, तर पेडलवरून पाय उचलून वेळेवर ब्रेकवर नेता येईलच याची खात्री देता येत नाही. बांधाच्या कडेला किंवा विहिरीजवळ वळताना हा प्रश्न फक्त कमरेचा राहत नाही. मोटारसायकललाही हेच लागू आहे, कारण तिचा मागचा ब्रेकही उजव्या पायाखाली असतो.

म्हणून एप्रिलच्या छाटणीनंतरच्या फवारण्यांसाठी चालक ठेवावा. तीन महिने झाल्यावर फुगवटा जिरला आहे का, टाचेवर उभे राहून चार पावले चालता येतात का आणि अर्धा-पाऊण तास बसल्यावर पायात कळ येत नाही ना, हे सर्जनांकडे जाऊन तपासून घ्यावे. त्यांनी परवानगी दिली तर आधी ब्लोअर न जोडता रिकामा ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर थोडा वेळ चालवावा. आसनाची स्प्रिंग बसलेली असेल तर ती बदलून घ्यावी आणि मागे पाहण्यासाठी दोन्ही बाजूंना आरसे बसवून घ्यावेत. हे जमले तर ऑक्टोबरमधल्या, फळांसाठीच्या छाटणीच्या फवारण्या त्यांनी करायला माझी हरकत नाही, मात्र दर थोड्या ओळींनंतर उतरून पाच मिनिटे चालायचे. टाकीत पाणी भरण्यासाठी बादल्या आणि औषधाचे कॅन उचलण्याचे काम त्या हंगामातही दुसऱ्याकडेच ठेवा.